कढईचं वजन: तीन महिने तेल मोजलं त्याची गोष्ट

२०२५ च्या जुलैत माझा ब्लड रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४१, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.९, आणि पोटाच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन, म्हणजे लिव्हरवर चरबी साठायला लागलेली. वय ४४, वजन ७१ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टर मॅडमसमोर बसले तेव्हा खरं सांगते मला रडूच आलं, कारण दारूचा प्रश्न नाही, नॉनव्हेज महिन्यातून एखाद्या वेळी, डबा घरचा, हॉटेलात जाणं म्हणजे कोणाचा वाढदिवस असला तरच, मग हे आलं कुठून? मी त्यांना तेच म्हणलं, मॅडम मी जेवतेच किती, दोन पोळ्या, भाजी, वरण, मूठभर भात. त्या म्हणाल्या, जेवण कळलं, दोन जेवणांच्या मधलं सांगा. मी म्हणलं मधलं काहीच नाही, चहासोबत थोडंसं. त्यावर त्यांनी गोळी लिहिलीच नाही, तीन महिन्यांनी परत रिपोर्ट करू म्हणाल्या, तोवर दिवसाला १५०० कॅलरीच्या आसपास राहा, आणि चहासोबतचं ते थोडंसं रोज लिहून ठेवा, अंदाजाने नाही, वजन करून लिहा.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मागवला, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत मोजणारा, आणि पहिले आठ दिवस खाण्यात काहीही न बदलता फक्त लिहीत गेले. हे लिहिणं वाटतं तितकं सोपं नाहीये, कारण जे आपण उभ्या उभ्या तोंडात टाकतो ते आपल्याला खाणं वाटतच नाही, दोन-दोन तास आठवतच नाही की आपण काही खाल्लं. सकाळच्या चहासोबत दोन खारी. ऑफिसात अकरा वाजता कोणाच्या मुलीचं जमलं म्हणून पेढा, कोणाचं प्रमोशन झालं म्हणून संत्रा बर्फी. चार वाजता कॅन्टीनचा समोसा नाहीतर आलूबोंडा, तो अर्धा अर्धा करू म्हणून घ्यायचा आणि शेवटी ज्याचा त्याचा पूर्ण व्हायचा. आणि घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता डब्यातली शेव.

शेवेपासूनच सुरुवात केली. नेहमी घेते तशी मूठ घेतली आणि काट्यावरच्या वाटीत टाकली, ३४ ग्रॅम. पाकीट उलटं करून बघितलं तर १०० ग्रॅमला ५६० कॅलरी, फॅट ३८ ग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरात एक सर्व्हिंग ३० ग्रॅम. म्हणजे पाकिटावाल्याने जे एका माणसाचं धरलंय ते माझ्या एका मुठीतच संपत होतं, आणि मी रोज दोन मुठी तरी घेत होते. ६८ ग्रॅम शेव, ३८० कॅलरी, २६ ग्रॅम तेल, जेवायला बसायच्या आधी. त्यानंतर मी दोन पोळ्यांची एक पोळी केली की मला वाटायचं आज कमी जेवले.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, मला स्वतःला ही वयाच्या ४४ व्या वर्षी कळली. पाकिटावर प्रत्येक सर्व्हिंगसमोर जी टक्केवारी छापलेली असते ती २००० कॅलरीच्या दिवसावर काढलेली असते, आणि त्या दिवसात एकूण फॅट ६७ ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड (तूप-डालड्यात जास्त असतं ते, गार झालं की घट्ट होणारं) २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम असं धरलेलं असतं, हा एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. हा ६७ चा आकडा मी फ्रिजवर चिटकवून ठेवला. म्हणजे पोळीला लावलेलं तेल, भाजीची फोडणी, दुधातली साय, वरणावरचं तूप, फल्लीदाणे, आणि वर फराळ, हे सगळं मिळून ६७, आणि माझ्या १५०० कॅलरीत तर तेवढंही नाही. दुसरा आकडा ९ चा. पीठ, साखर, डाळ कशाचाही एक ग्रॅम म्हणजे साधारण ४ कॅलरी, पण तेल, तूप, डालडा कुठलंही असो, एका ग्रॅमला ९. फल्लीचं तेल हलकं आणि डालडा जड असं जे आपण बोलतो ते हृदयाच्या दृष्टीने बरोबर असेल, कॅलरीच्या दृष्टीने दोघांत काहीच फरक नाही. जेवणातला मोठा चमचा, १५ मिलीचा, तेलाने भरला की १२० कॅलरी.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात कॅन्टीनच्या भिंतीवर तेल आणि साखरेचा बोर्ड लागला. केंद्र सरकारचं ऑफिस आहे, आरोग्य मंत्रालयाचं जूनमध्ये सगळीकडे पत्र गेलं होतं की ऑफिसांमध्ये असे बोर्ड लावा, नेहमीच्या पदार्थांत लपलेलं तेल किती साखर किती हे लोकांना दिसू द्या. जुलैत त्यावर पेपरात केवढा गोंधळ झाला आठवत असेल, समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा छापणार म्हणून, आणि आमचं नागपूर त्यात फार गाजलं. नंतर मंत्रालयाने स्पष्ट केलं की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापा असं काही सांगितलेलंच नाही, हे ऑफिसच्या जागी लावायचे माहितीचे बोर्ड आहेत. ऑफिसात सगळ्यांना राग आला होता की सरकार आता आमच्या ताटात डोकावणार का. मला नाही आला. माझा रिपोर्ट पर्समध्ये होता, आणि मला त्या बोर्डासमोर उभं राहून असं वाटलं की हे मला कोणी दहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलं.

पण बोर्डावर चमच्यांत दाखवलेलं तेल बघून मनाची खात्री होत नव्हती. समोशात एवढं तेल असतं तर हाताला लागलं असतं ना, असं वाटायचं. मी तर समोसा नेहमी टिश्यू पेपरवर दाबून खाते. म्हणून एक दिवस काटा ऑफिसात नेला. समोसा १०५ ग्रॅम. दोन टिश्यू मिळून ३ ग्रॅम. समोसा त्यात गुंडाळला, चांगला दाबला, पारीला भेग पडली इतका दाबला, टिश्यू पिवळे आणि पारदर्शक झाले, आणि परत ठेवले काट्यावर, ५ ग्रॅम. दोन ग्रॅम! एवढे ओले दिसणारे टिश्यू आणि तेल निघालं दोन ग्रॅम, १८ कॅलरी. बाकीचं सगळं आत. इतकी वर्षं मी ते पिवळे टिश्यू बघून समाधान मानत होते की तेल काढून टाकलं, ते समाधान त्या दिवशी गेलं. मोहनाचं तेल तर पारीच्या पिठातच मळलेलं असतं, त्याला टिश्यू काय करणार.

मग प्रश्न पडला की आत गेलेलं तेल मोजायचं कसं. पदार्थाचं वजन करून काही कळत नाही, कारण तळताना त्यातलं पाणी उडतं आणि तेल शिरतं, दोन्ही एकदम होतं. माझी मुलगी अकरावीत आहे, तिने सुचवलं, आई पदार्थ नको मोजू, कढई मोज. तळायच्या आधी कढई तेलासकट, तळून झाल्यावर परत तेलासकट, जेवढं कमी झालं तेवढं पदार्थात गेलं. झाऱ्यावर, चाळणीखाली जे निथळलं ते परत कढईत ओतायचं. इतकं साधं.

पहिल्या दिवशी पुऱ्या केल्या आणि मी घाईने गरम कढईच काट्यावर ठेवली, आकडा नुसता नाचत राहिला आणि काट्याचं प्लास्टिक एका बाजूने मऊ झालं, तो डाग अजून आहे. तर कोणी करणार असेल तर पूर्ण गार होऊ द्या, मी तर आता रात्री तळते आणि सकाळी मोजते. आमच्या सासूबाई, वय ७३, मूळच्या यवतमाळकडच्या, त्या सोफ्यावरून हे सगळं बघत होत्या. "तेलाले काय तोलून राहिली वं? सोनं हाय का ते?" मी म्हणलं आई, बघा तर खरं. पाव किलो कणकेच्या २० पुऱ्या झाल्या होत्या. कढई आधी १६४०, नंतर १५७१. ६९ ग्रॅम. एका पुरीत साडेतीन ग्रॅमच्या आसपास तेल, म्हणजे साधारण तीस कॅलरी तेलाच्या आणि चाळीसेक कणकेच्या. आईंना ते फार वाटलं नाही, मलाही नाही. पुरी बिचारी दिसते तेलकट पण फुगली की पटकन बाहेर येते.

धक्का बसला तो पुडाच्या वडीने. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, काही जण सांबारवडी पण म्हणतात, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बेसन-कणकेची पारी लाटायची, आतून चिंच-गुळाचं आणि मसाल्याचं बोट फिरवायचं, त्यात सांबाराचं सारण भरून पुडी बांधतात तशी घडी घालायची आणि तळायची, सोबत कढी नाहीतर तर्री. थंडीत सांबार स्वस्त झाला की घरोघरी होते, आणि बाहेर तर आता वर्षभर मिळते. माझा सगळ्यात आवडता पदार्थ, आणि मी मनापासून समजत होते की ही पालेभाजीच आहे, अर्धा किलो सांबार जातो त्यात, तेल तेवढं थोडं जास्त.

१२ वड्या केल्या. यावेळी सारणातलं पण सगळं मोजून घेतलं, आईंच्याच मापाने, त्या सांगत गेल्या आणि मी काट्यावर टाकत गेले. सुकं खोबरं ७५ ग्रॅम. खसखस २५. तीळ २०. चारोळी २०. सारणाच्या फोडणीला तेल ३० ग्रॅम, पारीच्या मोहनाला २०. बेसन २००, कणीक ५०. सांबार निवडून अर्धा किलो. रात्री तळल्या, दोन-दोन वड्या सगळ्यांनी खाल्ल्या, सकाळी कढई मोजली, ११८ ग्रॅम कमी. मुलीने कॅलेंडरच्या पाठीमागे बेरीज मांडली. अर्धा किलो सांबाराच्या सव्वाशेही कॅलरी होत नाहीत, सगळ्या बारा वड्यांमध्ये मिळून. सुकं खोबरं म्हणजे साठ टक्क्यांच्या वर तेलच, तीळ, खसखस, चारोळी त्याच घरातले, म्हणजे तळायच्या आधीच सारण स्निग्ध, आणि वर कढईतलं ११८. भागून एका वडीला पावणेतीनशे-तीनशेच्या मधे कॅलरी आणि फॅट २० ते २२ ग्रॅम. मी आदल्या रात्री दोन खाल्ल्या होत्या, आणि नंतर एक पोळी-भाजी. दोन वड्यांत चाळीसच्या वर फॅट, फ्रिजवरच्या ६७ मधून. मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. वाईट याचं वाटलं की मी ही वडी अपराधी न वाटता खात आले होते, हिरवीगार दिसते म्हणून.

पुढे मी जरा वाचलं, आणि तळण्याबद्दल जे कळलं त्याने माझी तळायची पद्धतच बदलली म्हणून इथे सविस्तर सांगते. पदार्थ गरम तेलात असताना त्यातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येत असतं, ते बुडबुडे दिसतात ना ते तेच, आणि ती वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत फार जाता येत नाही. खरं तेल आत शिरतं ते बाहेर काढल्यावर. पदार्थ गार व्हायला लागला की आतली वाफ आकसते आणि बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे झाऱ्यात घेऊन लगेच, गरम असतानाच, कढईच्या वरच अर्धा मिनिट निथळू देणं याला खरा अर्थ आहे, आणि मी काय करत होते, घाण्यावर घाणा एका ताटात पेपरवर रचत होते, खालच्या वड्या वरच्यांच्या तेलात बसलेल्या. आता उभ्या करून जाळीवर ठेवते. तेल कमी तापलेलं असलं की पदार्थ जास्त वेळ राहतो, वरचं कवच नीट धरत नाही, तेल पितो. मोहन जास्त झालं तरी तेच, खुसखुशीत होतं ते तेल पिऊनच. हे आपल्या आया-सासवांना सगळं माहिती आहे, चकली तेल प्यायली, करंजी तेलकट झाली असं त्या म्हणतातच, फक्त तो त्यांच्यासाठी पदार्थ बिघडण्याचा विषय होता, आपल्या पोटात किती गेलं हा नव्हता. पुढच्या खेपेला त्याच मापाच्या १२ वड्या जाळीवर निथळवून आणि तेल नीट तापवून केल्या, ९१ ग्रॅम. २७ ग्रॅम वाचलं, चव तीच.

तर्री मोजायची कशी यावर दोन दिवस विचार केला. तर्री पोहे म्हणजे नागपूरची सकाळ, पोह्यांवर चण्याची झणझणीत लाल तर्री, आणि वरचा तवंग जितका लाल तितकी भारी. एका प्लेटची तर्री पार्सल आणली, २१० ग्रॅम भरली. उंच काचेच्या ग्लासात ओतून तासभर तशीच ठेवली, वर लालभडक थर आला, बोटाच्या एका पेराएवढा. चमच्याने हळूहळू काढून वाटीत घेतला, ३१ ग्रॅम. त्यात थोडा रस्सा आला असणार म्हणून २५ धरलं. सव्वादोनशे कॅलरी, नुसता तवंग, पोह्यांच्या फोडणीतलं तेल आणि वरची शेव वेगळी. तरी मी पोहे सोडले नाहीत. आता रविवारी जाते तेव्हा पोहेवाल्या भाऊंना सांगते की चणे खालून काढून द्या, तर्री वरून नको. ते पहिल्यांदा माझ्याकडे बघतच राहिले, मी त्यांना रिपोर्टचं सांगितलं तर म्हणाले ताई, माझी पण शुगर आहे, मी पण असेच खातो. ते ऐकून मला फार बरं वाटलं, आणि वाईटही.

उपवासाचं मात्र घरात कोणाला पटवणं अवघड गेलं. श्रावणातले सोमवार मी करते, नवरा करतो, आई तर करतातच. दुपारी साबुदाण्याची उसळ, पुण्या-मुंबईकडे खिचडी म्हणतात तीच. तिघांना २०० ग्रॅम साबुदाणा, १०० ग्रॅम दाण्याचा कूट, दोन मध्यम आलू, आणि तेल मी नेहमी बाटलीतून धार सोडायचे, या वेळी बाटलीच काट्यावर ठेवून मोजली तर ती धार ५० ग्रॅमची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, दाण्यात शंभराला चाळीस-पन्नास ग्रॅम तेल, सगळं मिळून एका प्लेटला सहाशेच्या आसपास कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास फॅट. माझं रोजचं दुपारचं जेवण पाचशेच्या आत बसतं. म्हणजे ज्या दिवशी मी देवासाठी पोटाला आराम देते असं म्हणत होते त्या दिवशी जास्त जात होतं, आणि संध्याकाळी केळी-बटाटा वेफर वेगळे. आई नाराज झाल्या. त्या म्हणाल्या, "उपासाचं तोलू नये वं बाई, देवाचं हाय ते." मी वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी भगर आणि दाण्याची आमटी केली, कूट अर्धा, तेल एक चमचा, आणि त्यांनीच विचारलं की किती झालं आजचं. तोलू नये म्हणल्या तरी आकडा त्यांना हवा होता.

गोडाचं जरा वेगळं आहे. तळणाचं तेल कढईत तरी दिसतं, गोडातलं तूप आणि साखर एकमेकांत लपतात, दोघं मिळून गेले की कुठला घास जड हे जिभेला कळत नाही. महालक्ष्म्यांना (बाकी महाराष्ट्रात गौरी म्हणतात) आमच्याकडे पुरणपोळी तुपात भिजवून खायची पद्धत, वाढताना वाटीच घेऊन येतात. मी सवाष्णींना वाढत होते म्हणून तेव्हा काही मोजलं नाही, तसं करणं बरंही दिसलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी उरलेली पोळी स्वतःसाठी घेतली आणि कालच्यासारखीच धार धरली, १९ ग्रॅम. एकशे सत्तर कॅलरी नुसत्या धारेच्या.

"शुगर फ्री" चं मला सांगायचंच आहे, कारण यात माझ्यासारख्या एचबीएवनसी वाढलेल्या बायका फसतात. ऑफिसमधल्या मैत्रिणीने माझ्यासाठी मुद्दाम खजुराचे रोल आणले, साखर अजिबात नाही म्हणाली, किती प्रेमाने आणले होते. आता खजुरात शंभर ग्रॅमला साठ-पासष्ट ग्रॅम साखरच असते, नुसती पोत्यातली नाही एवढंच, आणि त्यात काजू-बदाम, म्हणजे निम्मं तेल, वर तुपात परतलेलं. फायबर असतं, मान्य, एक तुकडा पेढ्यापेक्षा बरा असेल, पण "साखर नाही" म्हणून चार खाल्ले तर काय उपयोग. डब्यावर मोठ्या अक्षरात काय नाही ते लिहितात, काय आहे ते मागे बारीक अक्षरात. "बेक्ड", "मल्टिग्रेन", "डाएट चिवडा" तेच, मी एका डाएट चिवड्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ४८० कॅलरी वाचल्या, बाजूच्या साध्या चिवड्यावर ५३०.

खारी सगळ्यात आधी सुटली. तिचे पापुद्रे होतात तेच मुळी पिठाच्या थरांमध्ये घट्ट फॅट घालून लाटल्याने, माझ्या दोन खारी ३० ग्रॅमच्या, दीडशे कॅलरी, आणि पोट काही भरत नाही. एक चांगली गोष्ट झाली आहे की तेल-डालड्यातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारं, हृदयाला वाईट फॅट) एफएसएसएआयने मर्यादा आणली, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के, आधी ५ होती. पण पाकिटावर ट्रान्स फॅट शून्य वाचून मला वाटायचं फॅटच कमी आहे. तसं नाही, त्या जागी बहुतेक पामचं तेल आलं, त्यात सॅच्युरेटेड भरपूर, आणि ग्रॅमला ९ ते ९ च. कॅन्टीनच्या काकांना पण मी कढईतल्या तेलाचं विचारलं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाला सुद्धा नियम आहे, त्यातले पोलर कंपाउंड (तेल तापून तापून खराब होतं तसे वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचंच नाही, २०१८ पासून. त्यांना टक्क्यांचं माहिती नव्हतं पण म्हणाले तेल काळं आणि फेसाळ झालं की मी बदलतो. आता ते चार वाजता वाफवलेले चणे पण ठेवतात, आधी पाच-सहा प्लेट जायच्या, आता वीसेक जातात, कांदा-लिंबू-सांबार घालून. मी रोज तेच घेते. समोसा शुक्रवारी एक, पूर्ण, टिश्यूशिवाय, गरम.

१३ ऑक्टोबरला परत रिपोर्ट काढला. ट्रायग्लिसराइड १७२. १५० च्या खाली यायला हवं, म्हणजे अजून नाही आलं. वजन ६७ किलो ९००. मॅडमनी माझी वही सगळी पानं उलटून वाचली, पुडाच्या वडीच्या पानावर थांबल्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून घेतला, म्हणाल्या माझ्या पेशंटना दाखवते. गोळी नाही दिली, जानेवारीत परत या म्हणाल्या.

आणि त्याच आठवड्यात दिवाळीचा फराळ. बेसनाच्या लाडवाला मी आधीच हिशोब मांडला होता, अर्धा किलो बेसन, २७५ ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम साखर, ३० लाडू, एक लाडू साधारण २०० कॅलरी आणि दहा ग्रॅम फॅट. तूप कमी करून बघितलं तर लाडू वळतच नव्हते, टाळूला चिकटत होते, म्हणून आईंनी सांगितलं की माप तेच ठेव, लाडू लहान वळ. त्याच पिठाचे ४८ वळले. चिवड्याला जाड पोहे तळायचे की पातळ पोहे भाजायचे यावर घरात दरवर्षी दोन पक्ष असतात, यंदा दोन्ही केले आणि दोन्ही मोजले. पाव किलो जाड पोह्यांनी ११२ ग्रॅम तेल घेतलं, फुलतात ना ते, प्रत्येक पोहा आतून पोकळ आणि तेलाने भरलेला. पातळ पोहे अर्धा किलो होते, दुप्पट, आणि त्यांना दाणे-डाळं-खोबरं परतून फोडणी सगळं मिळून ७० लागलं.

चकल्या रात्री तळल्या, आईंनी पाडल्या, मी तळल्या, अकरा वाजले. कढई गार व्हायला तशीच ठेवून झोपलो. सकाळी मी उठले तर चहा व्हायचा होता आणि आई ओट्याशी उभ्या, चष्मा लावून, कढई काट्यावर चढवलेली, दोन्ही हात कढईपासून थोडे दूर धरलेले, हात लागला तर आकडा बदलतो हे त्यांना आता माहिती आहे. आकडा थांबेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एकशे सोळा गेलं. लिही वं. पहिला घाणा माह्याच्यानं लवकर टाकणं झाला, तेल तापलं नव्हतं."